वाचकांचे प्रश्न : पर्यायी ऊर्जेचा विस्तार आणि त्यासोबत येणारी जबाबदारी

डिसेंबर २०२३ मध्ये दुबई येथे झालेल्या जागतिक हवामान परिषदेने २०३० पर्यंत जगाची नवीकरणीय वीजनिर्मितीची क्षमता तिप्पट करण्याचे आवाहन सर्व देशांना केले. एवढी मोठी उभारणी इतक्या थोड्या काळात करायची, तर जमीन, पाणी, खनिजे आणि माणसांचे हात हे सारे लागणारच. वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्न याच गोष्टींभोवती फिरणारे आहेत. एकसारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : सौर पॅनेल आणि पवनचक्क्या तयार करायलाही पोलाद, सिमेंट, काच आणि वीज लागतेच. त्या कारखान्यांचा धूर हिशेबात धरला तर कोळशाच्या तुलनेत खरोखर काही फरक उरतो का?

फरक उरतो आणि तो फार मोठा आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने २०१४ च्या अहवालात खाणीतून कच्चा माल काढण्यापासून प्रकल्प मोडीत काढण्यापर्यंतचे सारे उत्सर्जन मोजून वेगवेगळ्या ऊर्जास्रोतांची तुलना केली होती. त्या तुलनेतील मध्यमूल्ये अशी आहेत, की एक युनिट वीज तयार होताना कोळशामुळे सुमारे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूमुळे सुमारे ४९०, मोठ्या सौर प्रकल्पामुळे सुमारे ४८ आणि जमिनीवरील पवनचक्कीमुळे सुमारे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. त्यानंतरच्या काळात पॅनेलची कार्यक्षमता वाढली आणि त्यांत लागणारे सिलिकॉन कमी झाले. आज भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात बसवलेले पॅनेल आपल्या निर्मितीसाठी खर्च झालेली ऊर्जा साधारण वर्ष-दीड वर्षात परत देते आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे चालते. शिवाय बाहेरच्या हवेतील प्रदूषणामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि इंधनांचे ज्वलन हे त्या प्रदूषणाचे एक प्रमुख कारण आहे.

तेव्हा पर्यायी ऊर्जेचा विस्तार आवश्यक आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र कार्बनचा हिशेब बरोबर आला म्हणून बाकीचे सगळे हिशेब आपोआप चुकते होत नाहीत. कोणाचे कुरण गेले, कोणाच्या विहिरीचे पाणी आटले, कोणत्या मुलाने कोणत्या खाणीत माती उपसली, यांतले काहीही ग्रॅममध्ये मोजता येत नाही. पुढची बहुतेक उत्तरे याविषयीच आहेत.

प्रश्न : आमच्या परिसरातील नियोजित प्रकल्पासाठी निवडलेली जमीन पडीक असल्यामुळे कोणीही विस्थापित होणार नाही, असे सांगितले जाते. हे म्हणणे कसे तपासून पाहावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सरकारी नोंदीत पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीवर पीक नसते आणि तिच्यापासून महसूलही मिळत नाही, एवढेच त्या नोंदीवरून कळते. त्या जमिनीवर गुरे-मेंढ्या चरत असतील, सरपण, औषधी वनस्पती आणि गवत तिथून येत असेल, फिरत्या पशुपालकांचा वर्षातून एकदाच तिथे मुक्काम पडत असेल, पावसाचे पाणी त्या उतारावरून खालच्या तळ्याकडे जात असेल, तर यांतले काहीही नोंदीत उमटत नाही. सर्वेक्षण करणारे पथक कोरड्या महिन्यांत येऊन गेले असेल, तर पावसाळ्यानंतर येणारे कळप त्याला दिसलेलेच नसतात. त्यामुळे पहिली मागणी अशी असावी, की जमिनीचे मालक कोण यासोबतच जमिनीचा वापर कोण करते याची यादी व्हावी आणि ती वर्षातील सर्व ऋतूंची पाहणी करून व्हावी.

या प्रश्नाचा कस लागलेले एक प्रकरण नॉर्वेतील आहे. तेथील फोसेन द्वीपकल्पावर स्टोरहाय्या आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या डोंगरमाथ्यांवर वस्ती नव्हती, पण ती सामी या उत्तर युरोपातील आदिवासी लोकांच्या रेनडिअरांची हिवाळी कुरणे होती. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की या प्रकल्पांना दिलेले परवाने नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २७व्या कलमाचा, म्हणजे अल्पसंख्य समाजाला आपली संस्कृती जपता येण्याच्या हक्काचा, भंग करणारे आहेत. निर्णय आला तेव्हा पवनचक्क्या फिरत होत्या आणि निर्णयानंतरही त्या फिरतच राहिल्या. २०२३ च्या प्रारंभी सामी तरुणांनी राजधानीत मंत्रालयाची दारे अडवून आंदोलन केले. त्यानंतर दोन्ही पशुपालक गटांशी तडजोडीचे करार झाले, पहिला डिसेंबर २०२३ मध्ये आणि दुसरा मार्च २०२४ मध्ये. श्रीमंत, लोकशाहीवादी आणि कायद्याचे राज्य असलेल्या देशात सर्वोच्च न्यायालयाचा कौल बाजूने लागूनही कुरण परत मिळाले नाही. संमतीचा प्रश्न बांधकामाच्या आधी सोडवला नाही, तर नंतर मिळणारा न्याय बहुधा पैशांत मोजण्याइतकाच उरतो.

केनियातील तुर्काना सरोवराजवळचा ३६५ पवनचक्क्यांचा आणि ३१० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प हे दुसरे उदाहरण. त्यासाठी सुमारे दीड लाख एकर जमीन दिली गेली होती आणि पशुपालक समाज त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होता. २०२१ मध्ये तेथील न्यायालयाने ही जमीन देण्याची प्रक्रियाच बेकायदेशीर ठरवली. पवनचक्क्यांच्या पायाखाली प्रत्यक्षात जाणारी जमीन फार थोडी असते. त्यामुळे एवढ्या मोठ्या क्षेत्राचा हक्क कशासाठी मागितला जातो आहे, हा प्रश्न कोणत्याही पवन प्रकल्पाला अगदी सुरुवातीलाच विचारला पाहिजे.

जमीन संपादित करण्याऐवजी भाड्याने घेणे हा पर्याय अनेकदा सुचवला जातो आणि तो चांगलाही आहे. कर्नाटकातील पावागडा येथे सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेऊन २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यात आला. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या त्या भागातील जमीनमालकांची मालकी त्यामुळे कायम राहिली आणि त्यांना दरवर्षीचे निश्चित उत्पन्न मिळाले. परंतु त्याच शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांना भाडे मिळण्याचे काही कारणच नव्हते आणि त्यांचे काम मात्र गेले. पाच एकरांच्या मालकाला मोबदला आणि त्या पाच एकरांवर राबणाऱ्या बाईला काहीच नाही, ही विभागणी कायद्यात बसत असली तरी तिला न्याय्य म्हणता येणार नाही. जिथे भाडेपट्टा होईल तिथे भूमिहीनांसाठी कायमस्वरूपी रोजगार किंवा प्रकल्पाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा करारातच लिहिलेला असावा.

आदिवासी समाजांच्या बाबतीत निकष अधिक स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार आणि संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा या दोन्हींचा आधार असा, की निर्णय होण्याआधी, दडपणाशिवाय आणि पूर्ण माहिती देऊन त्या समाजाशी बोलले पाहिजे. आराखडा पक्का झाल्यानंतर घेतलेल्या माहिती-सभेला ही संमती म्हणता येत नाही, मग त्या सभेच्या उपस्थितीपत्रकावर कितीही सह्या असोत.

प्रश्न : पिकाऊ जमिनीवर पॅनेल बसले तर धान्य कुठे पिकवायचे?

शक्य तिथे दोन्ही एकत्र करावे. पॅनेल उंच उभारून त्यांखाली शेती करण्याची कल्पना अ‍ॅडॉल्फ गोएट्झबर्गर आणि आर्मिन झास्ट्रो या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. जर्मनीच्या दक्षिण भागातील हेगेलबाख येथील शेतावर तिची पद्धतशीर चाचणी झाली. २०१८ च्या कडक आणि कोरड्या उन्हाळ्यात तेथील चारपैकी तीन पिकांचे उत्पन्न उघड्या शेतापेक्षा पॅनेलखालील शेतात जास्त आले, कारण सावलीमुळे जमिनीतील ओल टिकली. प्रत्येक पिकाला हे जमेल असे नाही आणि उंच सांगाड्यांचा खर्चही जास्त असतो. तरीही कारखान्यांची छपरे, वाहनतळ, जलाशयांचे पृष्ठभाग आणि बंद पडलेल्या खाणींची उजाड जमीन यांचा विचार झाल्यानंतरच पिकाऊ जमिनीकडे वळावे, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. मोकळी जमीन स्वस्त आणि सलग मिळते म्हणून हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो.

प्रश्न : पवनचक्क्यांमुळे पक्षी मरतात, हा आक्षेप कितपत खरा आहे? कोळसा उद्योगाने पसरवलेला तो अपप्रचार आहे असेही वाचनात आले.

आक्षेप खरा आहे, फक्त त्याचे प्रमाण जागेनुसार खूप बदलते. कॅलिफोर्नियातील अल्टामाँट खिंडीत १९८० च्या दशकात हजारो लहान पवनचक्क्या उभारल्या गेल्या. जागा निवडताना वाऱ्याचा अभ्यास झाला होता, पण ती शिकारी पक्ष्यांची हक्काची जागा आहे याचा विचार झाला नाही आणि सोनेरी गरुडांसह अनेक पक्षी तेथे पुढची कित्येक वर्षे मरत राहिले. पुढे जुन्या यंत्रांच्या जागी संख्येने कमी पण मोठी यंत्रे बसवताना जागांची निवड अधिक काळजीने करावी लागली.

उपाय आहेत आणि त्यांतले काही आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. नॉर्वेतील स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांच्या तीन पात्यांपैकी एक पाते काळे रंगवले, तेव्हा त्या पवनचक्क्यांवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. प्रयोग लहान होता, म्हणून तो अन्य ठिकाणी पडताळून पाहिला पाहिजे. वटवाघळांच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. ती प्रामुख्याने मंद वाऱ्याच्या रात्री उडतात आणि अशा वेळी पवनचक्कीतून वीजही फारशी मिळत नसते. त्यामुळे त्या तासांत पाती थांबवली तर विजेचे नुकसान थोडे होते आणि मृत्यू मात्र निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होतात. समुद्रात खांब ठोकताना होणाऱ्या प्रचंड आवाजाने सागरी सस्तन प्राण्यांना इजा होते. त्यावर जर्मनीने आवाजाची कायदेशीर मर्यादा घालून दिली आणि ती पाळण्यासाठी कंत्राटदार खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा तयार करू लागले.

सर्वांत अवघड प्रकरण माळढोकाचे आहे. हा जड पक्षी समोरचे नीट पाहू शकत नाही, त्यामुळे उडताना उच्चदाब वाहिन्यांवर आदळून मरतो. उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांचे मुख्य आश्रयस्थान नेमके त्याच राजस्थान-गुजरातच्या माळरानांवर आहे जिथे ऊन आणि वारा भरपूर आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातील वाहिन्या शक्य तिथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो व्यापक आदेश बदलून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि त्याच निर्णयात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. दोन्ही आदेशांमागची काळजी खरी आहे. आम्हाला मात्र वाटते, की माळढोकाचा अधिवास कुठे आहे हे कोणापासून लपलेले नव्हते. वाहिन्यांचे मार्ग आखण्याआधी तो नकाशा टेबलावर पसरला असता, तर पक्षी की वीज अशी निवड करण्याची पाळी न्यायालयावर आली नसती.

प्रश्न : बॅटरी आणि पॅनेलसाठी लागणाऱ्या खनिजांच्या खाणींत बालमजुरी आणि वेठबिगारी चालते असे वाचले. अशा वस्तू विकत घेणे योग्य आहे का?

जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताक या एका देशातून येते. त्यातला बराचसा मोठ्या यांत्रिक खाणींतून निघत असला, तरी काही भाग माणसे हाताने खणून काढतात. कोसळणारे अरुंद बोगदे, मुलांकडून करवून घेतलेले काम आणि संरक्षक साधनांचा अभाव यांची अनेकांनी नोंद केली आहे. चिलीच्या अटाकामा मिठागरात लिथियम मिळवण्यासाठी जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात आटवले जाते, म्हणजे जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशातील पाणी वाफ होऊन उडून जाते. इंडोनेशियात निकेलच्या खाणींसाठी जंगले तोडली गेली असून ते निकेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांसाठी कोळशावरची नवी वीजकेंद्रे उभी राहिली आहेत. चीनच्या शिनजियांग प्रांतातील पॉलिसिलिकॉनच्या, म्हणजे पॅनेलसाठी लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनच्या, उत्पादनाबाबत सक्तीच्या मजुरीचे गंभीर आरोप आहेत.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात आणि आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. हे सर्व झाकून ठेवणे ही पहिली. म्हणून कोळसाच बरा, असे म्हणणे ही दुसरी. जगात दरवर्षी ८०० कोटी टनांहून अधिक कोळसा खणला जातो आणि जळल्यावर तो संपतो, म्हणून पुढच्या वर्षी तितकाच पुन्हा खणावा लागतो. कोबाल्टचे वार्षिक उत्पादन काही लाख टनांच्या घरात आहे आणि बॅटरीतील धातू जळून जात नाही, तो परत मिळवता येतो. अर्थात ज्याच्या अंगावर बोगदा कोसळला त्याच्या घरच्यांना ही तुलना ऐकवण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी त्या खाणीतच सुधारणा व्हायला हवी.

सुधारणा कशाने होते, हे मात्र आता बरेच स्पष्ट झाले आहे. एक मार्ग तंत्रज्ञानाचा आहे : लोह आणि फॉस्फेट वापरणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट आणि निकेल दोन्ही लागत नाहीत आणि आज त्या वाहनांत तसेच वीजसाठवणीत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. दुसरा मार्ग कायद्याचा. अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये केलेल्या आणि जून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार शिनजियांगमधून आलेला माल सक्तीच्या मजुरीचा आहे असेच गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर येते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार २०३१ पासून नव्या बॅटऱ्यांतील किमान ठरावीक प्रमाणातील कोबाल्ट, लिथियम आणि निकेल पुनर्वापरातून आलेले असले पाहिजे. कोबाल्टसाठी हे प्रमाण १६ टक्के आहे.

आपण एकट्याने खरेदी टाळल्याने फार थोडे बदलेल आणि न टाळल्याबद्दल स्वतःला दोषी मानण्याचेही कारण नाही. पण आपण एखाद्या संस्थेसाठी, शाळेसाठी किंवा गृहनिर्माण सोसायटीसाठी पॅनेल घेत असाल, तर पुरवठादाराकडे मालाच्या उगमाची कागदपत्रे लेखी मागावीत. मोठ्या ग्राहकांनी असे विचारायला सुरुवात केली की पुरवठादारालाही पुढे विचारावे लागते.

प्रश्न : जलविद्युत आणि जैवइंधन हेही नवीकरणीयच आहेत. मग त्यांच्यावर इतकी टीका का होते?

कारण एखादी गोष्ट नवीकरणीय असणे आणि ती निरुपद्रवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमधील बाल्बिना धरणाने अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र बुडवले आणि त्याच्या मोबदल्यात मिळाली ती अवघी २५० मेगावॉट क्षमता. उथळ जलाशयात बुडालेली झाडे कुजून इतका मिथेन बाहेर पडला, की हे धरण हवामानाच्या दृष्टीनेही तोट्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. वायमिरी-अट्रोआरी या आदिवासी समाजाची भूमीही त्यात गेली. जागतिक धरण आयोगाने नोव्हेंबर २००० मध्ये दिलेल्या अहवालात धरणांमुळे जगभरात चार ते आठ कोटी लोक विस्थापित झाल्याचा अंदाज मांडला होता. मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या. सौर आणि पवन प्रकल्पांच्या संदर्भात आज जे मुद्दे नव्याने मांडले जात आहेत त्यांतील बहुतेक त्या अहवालात आहेत, म्हणून ऊर्जाक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे आम्ही सुचवू.

जैवइंधनाच्या बाबतीत कच्चा माल काय आहे यावर सारे अवलंबून असते. शेतातील अवशेष आणि सांडपाणी यांपासूनचा वायू उपयुक्त आहे. जंगल तोडून लावलेल्या पामच्या तेलाचे इंधन मात्र त्या जंगलाच्या कार्बनचे कर्ज कित्येक दशके फेडत राहते.

प्रश्न : आयुष्य संपलेल्या पॅनेलचे आणि पात्यांचे काय होते?

आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये असा अंदाज दिला होता, की २०५० पर्यंत पॅनेलचा एकूण कचरा सुमारे ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत जाऊ शकेल. पॅनेलच्या वजनात सर्वाधिक वाटा काचेचा आणि त्याखालोखाल अ‍ॅल्युमिनियमचा असतो. हे दोन्ही सहज परत मिळतात. चांदी, तांबे आणि सिलिकॉन वेगळे करणे अवघड आहे, आणि थोडे शिसेही असल्यामुळे पॅनेल उघड्यावर फेकणे योग्य नाही. युरोपीय संघाने २०१२ मध्ये आणि भारताने एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी पॅनेलचा समावेश ई-कचऱ्यात केला आहे. पवनचक्कीचे बहुतेक वजन पोलादाचे असल्याने ते भंगारात सहज जाते. काचतंतू आणि रेझिन यांची पाती मात्र वेगळी करता येत नसल्याने अनेक ठिकाणी जमिनीत पुरली गेली आहेत. पुनर्वापर करता येईल असे रेझिन वापरलेली पाती २०२१ पासून बाजारात येऊ लागली आहेत.

प्रश्न : कोळसा खाणींत काम करणाऱ्यांचे पुढे काय?

पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठीच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख २०१५ मध्येच आला आहे. स्पेनने २०१८ मध्ये बहुतेक कोळसा खाणी बंद करताना खाणकामगारांच्या संघटनांशी आधी करार केला आणि त्यात वयस्क कामगारांना लवकर निवृत्ती, तरुणांना प्रशिक्षण आणि खाणीची जमीन पूर्ववत करण्याच्या कामात प्राधान्य यांचा समावेश केला. खाण बंद होण्याची तारीख आणि कामगाराच्या पुढच्या पगाराची तारीख एकाच कागदावर असली पाहिजे, हेच सूत्र इतरत्रही लावता येईल. कंत्राटी कामगार, चहाच्या टपऱ्या आणि ट्रकचालक अशा करारांतून नेहमी सुटतात, त्यांची गणना मुद्दाम करावी लागते.

प्रश्न : या सर्व चौकश्या करत बसलो तर प्रकल्प रखडतील आणि तापमानवाढ काही थांबणार नाही. तातडीच्या वेळी अशा अटी घालणे योग्य आहे का?

हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण तो घेणाऱ्या बहुतेकांची तळमळ खरी असते. पण प्रकल्प प्रत्यक्षात कशाने रखडतात ते पाहावे. केनियातील किनंगोप येथील ६० मेगावॉटचा पवन प्रकल्प जमिनीच्या वादांमुळे आणि स्थानिकांच्या विरोधामुळे २०१६ मध्ये रद्द झाला. फोसेनचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. याउलट डेन्मार्कच्या राजधानीसमोर समुद्रात उभ्या असलेल्या मिडलग्रुंडेनच्या पवनचक्क्या पाहाव्यात. मूळ आराखडा तीन रांगांत २७ पवनचक्क्यांचा होता. जनसुनावणीत त्याला हरकत आली, तेव्हा तो बदलून एका सुबक कमानीत २० पवनचक्क्या असा करण्यात आला. ४० मेगावॉटच्या या प्रकल्पाची निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक सभासद असलेल्या सहकारी संस्थेकडे गेली. २००० साली उभारणी झाली आणि वर्षभराच्या आत तो सुरूही झाला. पुढे २००९ मध्ये डेन्मार्कने असा कायदा केला, की नव्या पवन प्रकल्पाच्या मालकीतील किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या परिसरातील रहिवाशांना आधी देऊ करावा. या काळात त्या देशातील पवनऊर्जेची वाढ थांबली नाही.

भारतात २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार सौर पॅनेलच्या आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागत नाही. घराच्या छपरासाठी ही सूट योग्यच आहे. हजारो एकरांवर पसरणाऱ्या प्रकल्पालाही तीच सूट मिळणे आम्हाला अयोग्य वाटते. अशी सूट मिळाली की जनसुनावणीही होत नाही, आणि मग लोकांचे म्हणणे पहिल्यांदा ऐकले जाते ते रस्त्यावर किंवा न्यायालयात. तोपर्यंत बँकेचे कर्ज उचललेले असते, खांब उभे राहिलेले असतात आणि काही बदलणे दोन्ही बाजूंना परवडत नाही. सुरुवातीला सहा महिने जास्त लागले तरी चालतील, ही आमची भूमिका आहे. त्या सहा महिन्यांत वस्ती, कुरणे, पाणी आणि अधिवास यांचे नकाशे तयार करून जिथे विरोधाचे कारणच नाही अशा जागा आधी जाहीर केल्या, तर पुढचे काम अधिक वेगाने होते.

प्रश्न : सौर प्रकल्पासाठी आमच्या कुटुंबाची जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली आहे. सही करण्यापूर्वी काय पाहावे?

मसुदा आपल्या भाषेत मागावा आणि गावातील इतर जमीनमालकांसोबत बसून एकाच वकिलाकडून तो तपासून घ्यावा, कारण एकेकट्याने वाटाघाटी करणाऱ्यांना वेगवेगळे दर आणि वेगवेगळ्या अटी मिळतात. भाडे दर किती वर्षांनी आणि किती टक्क्यांनी वाढेल ते आकड्यांत लिहिलेले असावे. कंपनीने प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर सर्व अटी नव्या मालकावर बंधनकारक राहतील, हे स्पष्ट असावे, कारण तीस वर्षांत मालक बदलण्याची शक्यता फार मोठी आहे. भाडेपट्टा तारण ठेवून कर्ज काढण्याचा अधिकार बहुतेक कंपन्या मागतात. त्या कर्जाची कोणतीही जबाबदारी आपल्या मालकीहक्कावर येणार नाही, असे कलम हवे. काम सुरूच झाले नाही किंवा मध्येच बंद पडले, तर किती महिन्यांनी जमीन परत मिळेल, याची मुदत ठरवून घ्यावी. पॅनेल धुण्यासाठी पाणी कोठून आणणार, वरच्या थरातील माती हलवणार का, नाले आणि पाऊलवाटा मोकळ्या राहतील का, कुंपणामुळे कोणाच्या शेतात जाण्याचा रस्ता बंद होतो का, या प्रश्नांची उत्तरेही लेखीच घ्यावीत.

करारातले सर्वांत दुर्लक्षित कलम शेवटचे असते. मुदत संपल्यावर पॅनेल, सांगाडे, जमिनीतील काँक्रीट आणि पुरलेल्या तारा काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, एवढे वाक्य पुरेसे नाही, कारण तीस वर्षांनी ती कंपनी अस्तित्वात असेलच असे नाही. त्या कामाच्या अंदाजित खर्चाइतकी रक्कम पहिल्या काही वर्षांतच त्रयस्थ बँक खात्यात जमा व्हावी, दर पाच वर्षांनी तिचा फेरआढावा व्हावा आणि कंपनीने काम न केल्यास ती रक्कम आपल्याला काढता यावी, अशी अट घालावी. ही अट कंपनीने नाकारली, तर ती का नाकारली याचे लेखी उत्तर मागावे आणि ते मिळेपर्यंत सही करू नये.